समजून घ्या : नदीतल्या शिंपल्यांची पिल्ले माशांवर का वाढतात?

इरई, वर्धा, वैनगंगेच्या तळाशी शिंपले दिसले की नदी धडधाकट आहे, असे आपण समजतो. हा अंदाज फसवा आहे.

समुद्रातल्या स्कॅलॉप शिंपल्यांची पिल्ले बारीक धाग्यांनी सागरी गवताला धरून राहतात. आपल्याकडच्या लॅमेलिडेन्स जातीच्या शिंपल्यांची सोय वेगळी. मादी कल्ल्यांत अळ्या वाढवते आणि पाण्यात सोडते. त्या माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात आणि पुढे सुटून तळाच्या वाळूत शिरतात. फुकटचा प्रवासच म्हणा! मासाच भेटला नाही, तर अळी मरते.

म्हणजे मासे घटले की शिंपल्यांची नवी पिढी थांबते. तळावर राखेचा किंवा मातीचा बारीक थर बसला, तर वाळूतल्या पिल्लांना प्राणवायू मिळत नाही. मोठे शिंपले मात्र कित्येक वर्षे जगतात, त्यामुळे नुकसान उशिरा कळते.

ऊर्जानगरच्या वीज केंद्राला आणि चंद्रपूरला इरई धरणाचे पाणी मिळते. पुराच्या भीतीने या नदीचे खोलीकरण हवे, हे मान्य. पण पोकलेन गाळासोबत ही पिल्लेही उपसते. सगळा तळ एकदम खरवडू नये, काही पट्टे तसेच राखावेत. आणि काम सुरू करण्याआधी नखाएवढे शिंपले मोजावेत, फक्त तळहाताएवढे नव्हे.