स्वस्ताईचे श्रेय कोणाचे?

यंत्राला आज्ञा देणारी चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, हौशी माणसाच्या आवाक्यात आली. 2021 मध्ये पिको हा बोर्ड 4 डॉलरला बाजारात आला. याचे श्रेय स्पर्धेला देण्याची प्रथा आहे. ते अर्धसत्य होय. 2005 मध्ये इटलीतील इव्रेया येथे शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो बोर्ड घडविला व त्याचा आराखडा सर्वांना खुला केला. त्याचा कंपायलर तर सामाईक श्रमातून आधीच मोफत झालेला होता. नक्कल करण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती, म्हणूनच चिनी कारखान्यांना किंमत इतकी खाली आणता आली. (स्पर्धेचे पुजारी एवढेच सांगावयाचे विसरतात!) चिपचे उत्पादन मात्र मूठभर कंपन्यांच्याच हाती राहिले. ऑक्टोबर 2025 मध्ये क्वालकॉमने आर्डुइनो विकत घेण्याचा करार जाहीर केला. प्रसिद्ध झालेले आराखडे खुलेच राहतील. पुढचे खुले राहतील की नाही, हे आता भागधारक ठरवितील.