सहा की आठ?

शनिवारची रात्र, साडेअकरा. दोन सुशिक्षित, नोकरदार, वेळेवर टॅक्स भरणारी माणसं दादरच्या एका फ्लॅटमध्ये तावातावाने भांडतायत. एक बँकेत, दुसरा आयटीत. विषय? राजकारण नाही, क्रिकेट नाही, अप्रायझल तर मुळीच नाही. लेगोची गाडी सहा स्टड रुंद हवी की आठ!

स्टड म्हणजे लेगोच्या विटेवरचे ते गोल उंचवटे. एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या मध्यापर्यंत अंतर ८ मिलिमीटर. म्हणजे सगळं भांडण मिळून १६ मिलिमीटरचं. हसलात ना? मीही हसले होते. आता या भांडणात तिसरा आवाज माझा असतो.

तर प्रकरण असं आहे. २०१५ मध्ये लेगोने ‘स्पीड चॅम्पियन्स’ ही खऱ्याखुऱ्या स्पोर्ट्स कारच्या छोट्या मॉडेल्सची सीरिज काढली. तेव्हा या गाड्या सहा स्टड रुंद होत्या. २०२० मध्ये त्या आठच्या झाल्या आणि हौशी मंडळींत सरळ दोन तट पडले. आमचा आयटीवाला आठच्या पार्टीतला. त्याचं म्हणणं, बॉस, आत्ता कुठे फेरारी फेरारीसारखी दिसायला लागली. आधी नुसत्या चाकं लावलेल्या साबणाच्या वड्या होत्या! बँकवाला कट्टर सहावाला. त्याच्या शेल्फवरच्या जुन्या गाड्यांशेजारी नवी गाडी ठेवली की ती टेम्पो वाटते. शिवाय, जागा कमी असताना गाडी ओळखू येईल अशी बनवणं, खरं स्किल त्यातच, असं तो म्हणतो.

हे झालं एक भांडण. दुसरं स्टिकरचं. एवढे पैसे मोजून घरी आणलेल्या सेटमध्ये हेडलाइटचं स्टिकर आपणच श्वास रोखून लावायचं आणि ते तिरकंच लागणार. प्रिंट केलेला पार्ट का देत नाहीत? या एका मुद्द्यावर मात्र दोन्ही पार्ट्यांची युती होते.

तिसरं भांडण सगळ्यात भारी. गाडी दिसायला हवी की चालायला? २०१६ ची ‘टेक्निक’ सीरिजमधली पोर्शे ९११ जीटी३ आरएस घ्या. २,७०४ तुकडे. आत चालता गिअरबॉक्स. पण बॉडी चढवली की तो जवळपास झाकला जातो. मग ज्याचं दर्शनच होत नाही त्यासाठी रात्री कशाला जागवायच्या? ‘आत आहे हे मला माहितीये ना!’ इति आयटीवाला. गंमत म्हणजे छापील सूचनांबरहुकूम जोडलं तर या गाडीचे गिअर एक, तीन, दोन, चार अशा क्रमाने पडायचे. हौशी मंडळींनी ते पकडलं आणि दुरुस्तीही शोधून काढली. झाकलेल्या गिअरबॉक्समधली चूक शोधणाऱ्या माणसांबद्दल मला तेव्हापासून जाम आदर आहे.

खुद्द लेगोनेही २०१८ मध्ये हौसेचा कळस केला. दहा लाखांहून जास्त टेक्निकच्या तुकड्यांची अख्ख्या मापाची बुगाटी शिरॉन बनवली. लेगोच्याच २,३०४ छोट्या मोटर्सवर ती ताशी २० किलोमीटरच्या पुढे पळाली. पीक अवरला अंधेरीत हा स्पीड आपण हसत हसत घेऊ.

आता माझं. मला ना फेरारी हवी होती, ना बुगाटी. मला पद्मिनी हवी होती. काळी-पिवळी.

बाबा टॅक्सी चालवायचे. आमची पद्मिनी २०१३ मध्ये वयोमर्यादेत गेली. नोंदणी झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्या बातम्या वाचून बाबा काही बोलले नाहीत, फक्त पेपर जरा जास्तच नीट घडी घालून ठेवला. तेव्हाच ठरवलं, ही गाडी आपण बनवायची.

बँकवाल्याच्या सल्ल्याने सहाची बनवली. सुट्या विटा जमवायला चार महिने गेले. रंगाचं टेन्शन नव्हतं, खाली काळं, वर पिवळं. टपावर कॅरिअर. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असायचा, म्हणून तिथे एक बारीकशी काडीही बसवली. प्रपोर्शन एकदम परफेक्ट. आमच्या ग्रुपने चक्क टाळ्या वाजवल्या.

मग ती घरी नेऊन बाबांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर केला, गाडी उलटी करून खालून पाहिली, गिअरच्या काडीला बोट लावून हसले. म्हणाले, ‘झकास आहे. पण हा डायवर मधोमध काय बसलाय गं? तू कुठे बसायचीस?’

सहाच्या गाडीत लेगोचा माणूस मध्ये एकटाच बसतो. शेजारी जागाच उरत नाही. आठच्या गाडीत दोघं मावतात.

मी शाळेला बाबांच्या टॅक्सीतून जायचे, पुढच्या सीटवर, त्यांच्या डाव्या बाजूला. तेव्हा मीटर डावीकडे गाडीच्या बाहेर असायचा. वाटेत त्याच बाजूचं भाडं मिळालं तर खिडकीतून हात काढून मीटर टाकायचं काम माझं. ही माझी पहिली नोकरी. पगार एक वडापाव.

ती परफेक्ट गाडी मी त्याच रात्री सोडवली. आठची बनवायला अजून दोन महिने लागले. बँकवाला म्हणतो, ‘पद्मिनी सुजलीये.’ सुजलीच आहे. खरी पद्मिनी अंगाने सडपातळ होती, हे मला कोणी सांगायची गरज नाही. तरी माझं मत आठ. कायमचं.

आता ती टीव्हीशेजारी असते. पुढे दोघं बसलेत. मीटरचा पार्ट तेवढा ढिला आहे, धूळ पुसताना हमखास गळून पडतो. परवा पडला तेव्हा बाबांनी गुडघ्यांची तक्रार न करता सोफ्याखालून शोधून काढला, जागेवर बसवला आणि मला हाक मारली.

‘चल, टाक मीटर.’