यादीत नसलेल्या नावांचे काय?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट आहे. आमच्या शाळेतून महाराष्ट्राकडे जाणाऱ्या मुलांची एक पार्टी निघते. पालकांनी मुलाचा रोल नंबर, उतरायचे स्टेशन आणि स्वतःचा फोन नंबर मोबाईलवरून कळवायचा आणि त्यावरून केलेली यादी तिकिटांसाठी हाऊस मास्टर सरांकडे द्यायची, अशी पद्धत आहे. त्या वेळी ४१ संदेश आले होते. कुणाचा इंग्रजीत, कुणाचा मराठीत, कुणाचा दोन्हींची मिसळ. मला पायथन येते म्हणून काम माझ्याकडे आले. हाताने केले असते तर संध्याकाळचा अख्खा प्रेप गेला असता. मी ते दहा मिनिटांत उरकले आणि यादी नोटीस बोर्डावर लावली.

रात्री जेवणानंतर सातवीतला एक ज्युनियर माझ्याजवळ आला. एरवी आम्हाला 'सर' म्हणायचे असते, पण मराठी बोलताना त्याच्या तोंडून सहज निघून गेले, "दादा, मी घरी जायचं नाही का?"

त्याचे नाव यादीत नव्हते. मग मी जे आधीच करायला हवे होते ते केले. यादीतली नावे मोजली. ती ३८ भरली.

चूक कुठे झाली हे सांगण्याआधी मी काय वापरले होते ते सांगतो. पायथनमध्ये 'रेग्युलर एक्स्प्रेशन' नावाची सोय आहे. आपण साधा शोध घेतो तेव्हा एखादा ठरावीक शब्द शोधतो. इथे शब्द न देता त्याचे वर्णन द्यायचे असते. उदाहरणार्थ, 'सलग चार अंक'. मग तसे वर्णन जिथे जिथे लागू पडेल तो मजकूर संगणक उचलून देतो. ही कल्पना गणितातून आली. स्टीफन क्लीनी या अमेरिकन गणितज्ञाने ती १९५० च्या दशकात मांडली आणि केन थॉम्प्सनने १९६० च्या दशकात ती मजकूर शोधण्यासाठी संगणकावर आणली. युनिक्समधली 'ग्रेप' ही प्रसिद्ध आज्ञा त्याचीच.

माझ्या पहिल्या प्रयत्नात 'चार अंक' म्हणताच फोन नंबरांचे चार-चार अंकांचे तुकडेही यादीत आले. ती चूक लगेच दिसली. चार अंकांच्या मागेपुढे दुसरा अंक किंवा अक्षर नको, अशी अट घातली आणि ती सुटली. मला वाटले, झाले काम.

पण 'अंक' म्हणजे काय, हे सांगताना मी चौकोनी कंसात इंग्रजी शून्य ते नऊ लिहिले होते. त्या ज्युनियरच्या वडिलांनी मराठी कळफलकावर रोल नंबर देवनागरी अंकांत लिहिला होता. माझ्या नियमाच्या दृष्टीने तो नंबरच नव्हता. पायथनमध्ये 'कोणताही अंक' यासाठी बॅकस्लॅश-डी ही खूण आहे आणि तिला देवनागरी अंकही चालतात. ती वापरल्यावर दोन नावे आली. तिसरे तरीही आले नाही, कारण त्या पालकांनी चार अंकांच्या मध्ये जागा सोडली होती. तो मुलगा तापाने एमआय रूममध्ये होता. बोर्ड बघायला तो येऊच शकला नसता.

त्या रात्री मला एक गोष्ट कळली. यादीत चुकून आलेले नाव दिसते. यादीतून राहून गेलेले नाव कुणालाच दिसत नाही. आणि संगणक या दुसऱ्या चुकीबद्दल एक शब्दही बोलत नाही.

आणखी एक प्रयोग करून पाहा. 'शब्दातली अक्षरे' यासाठी बॅकस्लॅश-डब्ल्यू ही खूण आहे. पायथनच्या नेहमीच्या 're' म्हणजे 'आर-ई' मॉड्यूलमध्ये ती वापरून शब्द वेगळे करायला सांगा. इंग्रजीतला 'कॅडेट' अख्खा निघतो. पण 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे होतात. 'सैनिक'चे तीन होतात : 'स', 'न', 'क'. कारण तिथे काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानलेले नाही. त्यामुळे इंग्रजी पुस्तकातला नमुना आपल्या नावांवर आहे तसा चालेलच असे नाही.

माझा एक मित्र म्हणाला, "पालकांनाच सांगायचं ना, इंग्रजी अंकांत लिहा म्हणून." मला हे पटत नाही. त्या वडिलांनी काहीही चुकीचे लिहिले नव्हते. कोणताही माणूस तो संदेश वाचून मुलाचा नंबर सांगू शकला असता. नियम मी केला होता, त्यामुळे तो दुरुस्त करण्याची जबाबदारीही माझीच होती. दुसरा म्हणाला, "आता असले नमुने एआय लिहून देतो, शिकायचे कशाला?" देतो, हे खरे. पण आपल्याकडचे संदेश कसे आहेत हे पाहून त्याला सांगायचे कुणी? आणि त्याने दिलेला नमुना बरोबर आहे की नाही हे न शिकता कसे ओळखायचे?

म्हणून माझे मत असे आहे की, रेग्युलर एक्स्प्रेशन प्रत्येक कॅडेटने नववी-दहावीत शिकावे, पण त्याबरोबर एक सवयही शिकावी. ती सवय आपल्याला परेड ग्राउंडवर आधीच लावलेली आहे. सकाळच्या फॉल-इनला फक्त हजर मुले मोजून कुणी थांबत नाही. हजर किती, एमआय रूममध्ये किती, ड्युटीवर किती, रजेवर किती, हे सगळे सांगावे लागते आणि बेरीज एकूण संख्येशी जुळावी लागते. जो कशातच बसत नाही त्याला शोधायला माणूस पाठवतात.

प्रोग्राममध्येही हेच करायचे. जुळलेल्या ओळी एका यादीत, न जुळलेल्या दुसऱ्या यादीत आणि दोन्हींची बेरीज मूळ संख्येइतकी. ग्रेपमध्ये तर न जुळलेल्या ओळी दाखवण्यासाठी वेगळा पर्यायच आहे. पायथनमध्ये त्यासाठी दोन-तीन ओळी जास्त लिहाव्या लागतात. मी त्या लिहिल्या असत्या, तर ते तीन संदेश यादी लावण्याआधीच माझ्यासमोर आले असते.

तिकिटांची यादी सरांकडे दुसऱ्या दिवशी सकाळी जायची होती, म्हणून निभावले. मी रात्रीच सरांना सगळे खरे सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "एकेचाळीसच्या एकेचाळीस गाडीत बसले की मला येऊन सांग."

स्टेशनवर मी डब्यातून दोनदा फिरलो आणि सगळ्यांना मोजले. या वेळी हाताने.