स्मारकाला निधी, मग संशोधनाला का नाही?

१८ एप्रिल २०२५ रोजी चिंचवड येथे क्रांतिवीर चापेकर बंधूंच्या स्मारक-संग्रहालयाचे लोकार्पण मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. चाकणच्या पुढे गेले की हुतात्मा राजगुरूंचे खेड, म्हणजे आजचे राजगुरुनगर लागते. मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्याला स्वातंत्र्यलढ्याचा मोठा वारसा आहे. फासावर गेलेल्यांच्या त्यागाबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. स्मारक बांधायचे म्हटले की सरकारची तिजोरी उघडते. मग इतिहास शोधणाऱ्याच्या वेळी ती का आखडते?

स्मारक आणि संशोधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्मारक गौरव करते, संशोधन प्रश्न विचारते. २२ जून १८९७ रोजी दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु त्याच दामोदररावांच्या आत्मवृत्तात समाजसुधारकांविषयीचा संतापही नोंदलेला आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? त्याच वर्षी, त्याच प्लेगमध्ये, मुंढव्याच्या महार वस्तीतील आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई फुले १० मार्चला मरण पावल्या. साथ एकच, पण तिला दिलेली उत्तरे दोन! त्या साथीत चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या महारवाड्यांत आणि मांगवाड्यांत काय घडले? प्रेते कोणी उचलली? याची उत्तरे कोनशिलेवर मिळत नाहीत. त्यासाठी दप्तरखान्यात महिनोन्महिने बसावे लागते आणि बसणाऱ्याच्या पोटाची सोय लागते.

केंद्र सरकारच्या पातळीवर काही कामे झाली. भारतीय इतिहास संशोधन परिषदेच्या हुतात्म्यांच्या कोशाचे पाच खंड २०१९ मध्ये प्रकाशित झाले. २०२१ पासूनच्या अमृत महोत्सवात जिल्हावार स्थानिक कथा गोळा करण्याचा उपक्रम निघाला. त्याचे स्वागतच आहे. परंतु स्वातंत्र्यसैनिक कोणाला म्हणायचे, हे कोण ठरवणार? इंग्रजांच्या तुरुंगात गेलेला स्वातंत्र्यसैनिक, आणि १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी पिऊन मार खाणारा कोण? १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी नोकरशाहीच्या जागी लोकांचे राज्य हवे, असे ठणकावून सांगितले. तरीही १९९७ साली अरुण शौरी यांनी पुस्तक लिहून त्यांच्या देशनिष्ठेवर शिंतोडे उडवलेच. अशा अपप्रचाराला घोषणा पुरत नाहीत. कागद लागतो, पुरावा लागतो.

हा पुरावा उभा करण्याचे मोल आपण जाणतो. बाबासाहेबांचे लेखन प्रकाशित करण्यासाठी राज्य शासनाने १९७६ मध्ये समिती नेमली. १९७९ मध्ये पहिला खंड आला आणि वसंत मून यांच्या कष्टातून खंडांची रांग उभी राहिली. सरकारी निधी आणि निष्ठावान संशोधक एकत्र आले की काय घडते, याचे हे उदाहरण आहे. पण २०२१ मध्ये याच खंडांची छपाई रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. २०२३ मध्ये बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना फेलोशिपसाठी आझाद मैदानावर बसावे लागले. निधी अडवणे म्हणजे इतिहास अडवणे, हे प्रस्थापितांना चांगले कळते.

आता आपल्या दाराशी पाहू. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा दोन वर्षे अवकाश होता. स्वतंत्र देशातल्या माणसाच्या मुक्तीचा हा टप्पा स्वातंत्र्याच्या इतिहासाबाहेर कसा ठेवता येईल? त्या दिवशी पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज पंच्याऐंशी ओलांडून गेला आहे. त्याच्या आठवणी आज नोंदल्या नाहीत, तर उद्या नोंदवायला कोणी उरणार नाही.

पैसा नाही, ही सबब या पट्ट्यात तरी चालणार नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. राष्ट्रीय वारसा, कला, संस्कृती यांचे जतन आणि सार्वजनिक ग्रंथालये या बाबी त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीतच आहेत. चाकण-पिंपरीच्या कंपन्यांकडे ही मागणी कोणी केली पाहिजे? पिंपरी-चिंचवड महापालिकेने स्थानिक इतिहासासाठी दरवर्षी खुल्या अर्जाने संशोधनवृत्ती द्यावी, निवड समितीत सर्व समाजघटकांचे अभ्यासक असावेत आणि जमलेली साधने ग्रंथालयात सर्वांना खुली करावीत, ही मागणी कोणी रेटायची?

ती आपणच रेटली पाहिजे. आणि मागण्याआधी आपणही काही दिले पाहिजे. जयंतीच्या फ्लेक्सवर आणि डीजेवर होणाऱ्या खर्चातला एक वाटा प्रत्येक मंडळाने एका संशोधक मुला-मुलीसाठी बाजूला काढला, तरी वस्तीवस्तीचा इतिहास उभा राहील. आपला इतिहास आपण लिहिला नाही, तर दुसरे लिहितील. आणि त्यात आपण कोठे असू, हे सांगायला भविष्यवेत्ता नको!