तीस वर्षांचे छप्पर, दहा वर्षांचा विमा

म्हातारपण हा गुन्हा नव्हे, असे माणसांच्या बाबतीत आपण निदान तोंडाने तरी म्हणतो. छपरांच्या बाबतीत मात्र तो गुन्हा ठरवण्यात आला आहे, आणि दंड भरतो आहे छपराखाली राहणारा. हे घडते आहे अमेरिकेत, मी जिथे सव्वीस वर्षे राहतो आहे त्या टेक्सास राज्यात. फराळाच्या ताटाशेजारी हा विम्याचा रुक्ष विषय कशाला, असे वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. पुण्या-नाशिकच्या कितीतरी घरांत मुलाने किंवा लेकीने डॅलसहून पाठवलेला बंगल्याचा फोटो दर्शनी भिंतीवर लावलेला असतो. त्या फोटोतले छप्पर नीट पाहा. माझे भांडण त्याच्याविषयी आहे.

ते कौलांचे नाही, पत्र्याचे नाही आणि स्लॅबचेही नाही. लाकडी सांगाड्यावर लाकडाचे तक्ते ठोकतात, त्यावर जाड कागदासारखा थर अंथरतात आणि त्यावर शिंगल नावाच्या पट्ट्या खिळ्यांनी बसवतात. शिंगल म्हणजे काचतंतूंच्या जाळीला डांबर चोपडून वर बारीक दगडी कणांची पखरण केलेली पट्टी. हे कण डांबराला उन्हापासून जपतात. मोठी गार आदळली की कण झडतात, जाळीला तडा जातो, उघडे पडलेले डांबर उन्हात वाळते, आणि महिन्यांनी किंवा वर्षाने एखाद्या पावसात दिवाणखान्याच्या छतावर ओल दिसू लागते.

आणि गारा तरी कसल्या! २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात गारपिटीने पिकांची काय दशा केली ते आपण विसरलो नाही. टेक्सासात तर वसंत ऋतू म्हणजे गारांचाच ऋतू. १२ एप्रिल २०१६ रोजी सॅन अँटोनियो शहरावर गारा पडल्या, तेव्हा राज्याच्या इतिहासातले अत्यंत महागडे असे ते वादळ ठरले. २८ एप्रिल २०२१ रोजी हाँडो या गावी पडलेली एक गार सहा इंचांहून अधिक व्यासाची भरली. सोललेला नारळ तिच्यापुढे लहान दिसावा. अशा प्रदेशात डांबराच्या पट्ट्यांखाली राहणारा माणूस विमा न उतरवील तर काय करील? शिवाय कर्ज काढून घर घेतलेल्याला निवडही नसते. विमा नसेल तर सावकार बँक आपल्या मर्जीचा महागडा विमा त्याच्या माथी मारते.

आता गंमत पाहा. शिंगल विकणारा तुमच्या दारी येतो तेव्हा म्हणतो, ‘साहेब, तीस वर्षांचा माल आहे.’ वेष्टनावर तसे छापलेलेही असते. त्याच शिंगलच्या घराचा विमा उतरवणारा मात्र दहा-पंधरा वर्षे झाली की म्हणतो, ‘हे छप्पर म्हातारे झाले.’ पूर्वी छप्पर गारांनी गेले तर कंपनी नव्या छपराची किंमत देई. हल्ली पॉलिसीला एक पुरवणी जोडलेली असते. तिच्यात तक्ता असतो. छपराचे वय इतके, तर भरपाई इतके टक्के. वर्ष सरले की टक्के उतरतात. दुकानात तीस वर्षांचे असलेले छप्पर तक्त्यात दहाव्या वर्षीच काठी टेकू लागते. दोघांपैकी खोटे कोण बोलतो आहे?

आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, यजमानांच्या मागे एकट्या राहणाऱ्या. त्यांचे छप्पर २००९ सालचे. २०२३ च्या गारांत ते गेले. नव्या छपराचा अंदाज निघाला २२,००० डॉलर. काकू निश्चिंत होत्या, कारण इतक्या वर्षांत एक हप्ता चुकलेला नव्हता. मग पत्र आले. तक्त्याप्रमाणे चौदा वर्षांच्या छपराला चाळीस टक्के, म्हणजे ८,८०० डॉलर. त्यातून विमेदाराने सोसायचा पदरचा वाटा वजा करायचा. तो घराच्या विम्याच्या रकमेच्या दोन टक्के. घराचा विमा ४ लाखांचा, म्हणून ८,००० डॉलर. हाती आला ८०० डॉलरांचा चेक. त्यांचा वर्षाचा हप्ता होता साडेतीन हजार! ‘भाऊ, मी हिशेबात कुठे चुकते का हो?’ असे विचारीत त्या कागद घेऊन माझ्याकडे आल्या. मी रात्री दोनदा बेरीज-वजाबाकी केली. हिशेब बिनचूक होता.

त्या कागदांत मला जे दिसले त्याने माझे डोके फिरले. घर बांधण्याचा खर्च वाढतो या सबबीवर कंपनी दरसाल घराच्या विम्याची रक्कम चढवते. ती चढली की हप्ता चढतो. पदरचा वाटा तिच्या टक्क्यांत असल्यामुळे तोही आपोआप चढतो. त्याच घराच्या डोक्यावरचे छप्पर मात्र दरसाल उतरत्या भावाने मोजले जाते. घेताना घर महाग, देताना छप्पर स्वस्त! एकाच कागदावर हे दोन्ही भाव लिहिताना कोणाचा हात अडखळत नाही. आपल्याकडचा खेड्यातला वाणीसुद्धा दोन मापे ठेवतो ती निदान फळीखाली लपवून.

कंपन्यांची बाजू मी ऐकलेली नाही असे नाही. त्या म्हणतात, जुन्याच्या बदल्यात नवे द्यायचे तर भुर्दंड सर्वांवर पडतो. खरे आहे. गडगडाटी वादळांपायी अमेरिकेतल्या विमा कंपन्यांना एकट्या २०२३ साली ५० अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मोजावी लागली आणि तिच्यात गारांचा वाटा मोठा होता. गारा पडल्या की दुसऱ्या दिवशी गल्लोगल्ली हिंडून ‘तुमचा पदरचा वाटा मी पाहून घेतो’ असे सांगणारे छप्परवालेही मी पाहिले आहेत. ही लबाडीच होती, आणि २०१९ च्या सप्टेंबरपासून टेक्सासात कायद्याने ती बंद केली, हे चांगले झाले. आता पदरचा वाटा भरल्याचा पुरावा कंपनी मागू शकते. पण घरमालकाकडून पुरावा मागणाऱ्या कायद्याने कंपनीला एवढे तरी विचारावे की, अर्धे छप्पर तुम्ही विम्यातून काढून घेतले, तर त्याच्या वाट्याचा हप्ता कुठे कमी केलात? वयाची वजावट करायचीच असेल तर दोन्हीकडे करा. आणि पुरवणीतला तक्ता पॉलिसीच्या पहिल्या पानावर, डॉलरांच्या आकड्यांत छापा. ‘आज छप्पर गेले तर तुमच्या हाती इतके पडतील’ एवढे एक वाक्य पुरे आहे. ते छापत नाहीत, कारण ते वाचल्यावर सही कोण करील?

मला या प्रसंगी कोकणातली शाकारणी आठवते. पावसाळ्याआधी माणूस घरावर चढे, फुटकी कौले उतरवी, नवी सारी. त्या घराला वय होते, पण छपराला वय असे नव्हतेच. होते ते एकेका कौलाला. शिंगलचे तसे नाही. उन्हाने विटलेल्या पट्ट्यांत नवी पट्टी ठिगळासारखी दिसते, आणि जुनी पट्टी उचलू जावे तर तीच तुटते. वर्षाकाठी डागडुजी करून राखता येईल अशी वस्तूच घरावर नाही, आणि तरी ‘तुम्ही राखली नाही’ हा ठपका! हल्ली तर कंपन्या विमानातून किंवा ड्रोनने छपरांचे फोटो घेतात आणि छप्पर थकलेले दिसले की पुढल्या वर्षी विमाच नाकारतात.

उपाय नाहीत असे नाही. दोन इंची पोलादी गोळा वीस फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकला तरी तडा न जाणारी शिंगल बाजारात मिळते. चौथ्या वर्गाची म्हणतात तिला. ती घातली तर टेक्सासात हप्त्यात सूट मिळते. पण ती महाग, आणि जिला ८०० डॉलर मिळाले ती ती घेणार कशाने? अलाबामा राज्याने वादळाला टिकणारी छपरे घालण्यासाठी लोकांना १०,००० डॉलरांपर्यंत अनुदान दिले आहे. गारपीट झाल्यावर वयाचे टक्के मोजीत बसण्यापेक्षा गारपिटीआधी छप्पर मजबूत करणे स्वस्त पडते, हे तिथल्या सरकारला कळले. कंपन्यांना ते कळत नाही असे कोण म्हणेल? दक्षिण कॅरोलायनात त्यांच्याच पैशाने चालणारी एक संस्था तोफेतून कृत्रिम गारा मारून छपरे तपासते. कोणती शिंगल किती सोसते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

काकूंनी शेवटी कर्ज काढून छप्पर घातले. साधेच घातले.

पाडव्याला किंवा भाऊबिजेला तुमचा तिकडे फोन जाईलच. मुलाबाळांची चौकशी झाली की एवढे विचारून घ्या: छप्पर कोणत्या सालचे, पदरचा वाटा किती टक्के, आणि पॉलिसीच्या पुरवणीत छपराच्या वयाचा तक्ता आहे का. ‘असेल बहुतेक, पाहायला हवे’ असे उत्तर आले तर फोन ठेवू नका. कागद काढायला लावा, आणि आकडे मोठ्याने वाचून घ्या.