बोटांना कळणारे बटण

मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू आणि संधिवात या विषयांवर या सदरातून अनेकदा लिहिले आहे. आज या चारही आजारांशी संबंध असलेल्या एका साध्या वस्तूविषयी लिहावयाचे आहे. ती वस्तू म्हणजे बटण.

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतील बटणे एकेक करून नाहीशी होत चालली आहेत. मोबाइलची गेली, मग शेगडीची, वॉशिंग मशीनची, आता मोटारीतीलही जात आहेत. त्यांच्या जागी गुळगुळीत काच आली. दिसायला ती सुंदर असते, पुसायला सोपी असते आणि तरुण मुलांची बोटे तिच्यावर भराभर चालतात. परंतु माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत साठीपुढची माणसे बरीच असतात. त्यांची तक्रार वेगळी आहे. एका आजीने ती एका वाक्यात सांगितली, "डॉक्टरसाहेब, या फोनले माहं बोटच समजत नाई."

आजीचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. या काचेखाली अतिशय सौम्य विद्युतक्षेत्र असते. आपले शरीर वीजवाहक असल्यामुळे बोट टेकताच त्या जागची विद्युतधारकता बदलते आणि बोट कोठे टेकले ते यंत्राला कळते. म्हणजे काचेला दाब कळत नाही, त्वचा कळते. वय झाले की त्वचा कोरडी पडते. आमच्या पुसद भागात कापूस वेचून, निंदण करून बोटांना घट्टे पडलेले असतात, भेगा गेलेल्या असतात. अशा जाड, कोरड्या कातडीचा स्पर्श काचेला नीट उमगत नाही. उलट बोट ओले असले तर पाण्याचा थेंबही तिला बोटच वाटू शकतो. हात थरथरत असेल तर एकाच्या जागी दोन-तीन स्पर्श होतात आणि भलताच नंबर लागतो.

बटणाचे तसे नाही. ते बोटाला तीन गोष्टी सांगते. त्याच्या कडेमुळे ते कोठे आहे हे कळते, दाबल्यावर खाली जाते म्हणून दाबले गेल्याचे कळते आणि 'टक्' आवाजाने काम झाल्याची खात्री पटते. मोतीबिंदूमुळे धूसर दिसणाऱ्याला, किंवा रात्री चष्मा न सापडणाऱ्याला याचे मोल विचारावे. फोनच्या पाच आकड्यावर एक बारीक उंचवटा असतो, तो अनेकांनी पाहिलाही नसेल. अंध माणूस त्या एका उंचवट्यावरून बाकीचे सगळे आकडे शोधतो.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा असता तर आरोग्याच्या सदरात त्याला जागा दिली नसती. माझ्या एका रुग्णाची हकीकत सांगतो. वय सत्तरीच्या आसपास, इन्सुलिन चालू. पुण्याच्या मुलाने मोठ्या प्रेमाने बटणांचा जुना फोन काढून घेऊन मोठ्या काचेचा नवा दिला. एके दुपारी घरी कोणी नसताना इन्सुलिन घेतले आणि जेवायला उशीर झाला. रक्तातील साखर उतरली. दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी फोन हातात घेतला, पण घामाने ओल्या, थरथरत्या बोटांनी नंबर लागेना. शेवटी त्यांनी स्टीलचे ताट जमिनीवर आपटले. तो आवाज ऐकून शेजारीण धावत आली आणि तिने साखरपाणी दिले, म्हणून निभावले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. साखर उतरल्याची मुख्य लक्षणे म्हणजे घाम, कंप आणि नजर धूसर होणे. ज्या घटकेला फोनची सर्वांत अधिक गरज असते, नेमक्या त्याच घटकेला हा आजार बोटांना काचेसाठी निकामी करतो. शिवाय दीर्घकाळच्या मधुमेहात नसा बधिर होतात. सुरुवात पायांपासून होते आणि पुढे हातांची बोटेही बधिरतात. अशा बोटांना बटणाची ठळक कड आणि आवाज यांचाच आधार असतो.

आपल्या देशात ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आलीच नाही असे नाही. मतदान यंत्राचेच पाहा. २००४ च्या लोकसभा निवडणुकीपासून ते देशभर वापरात आहे. त्यावर काच नाही, निळे बटण आहे. दाबले की लाल दिवा लागतो आणि लांब 'बीप' ऐकू येतो. शेजारी अंधांसाठी ब्रेल लिपीतील खूणही असते. अक्षरओळख नसलेला मतदारही ते सहज वापरतो. रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०१४ पासून नव्याने बसणारी सर्व एटीएम यंत्रे बोलणारी आणि ब्रेल कळफलकाची असावीत असे बँकांना सांगितले. केंद्र सरकारने २०१६ साली फोनमधील संकटकालीन बटणाचा नियम केला. त्यानुसार बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरला की मदतीचा फोन लागावा, अशी सोय ठरली. नियम करणाऱ्यांनी येथे चाचपडून सापडेल असेच बटण निवडले, हे महत्त्वाचे.

परदेशातही आता वारे फिरू लागले आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सिंगापूरजवळ 'जॉन एस. मॅककेन' ही अमेरिकन युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळून १० नौसैनिक मरण पावले. चौकशीत प्रशिक्षणातील उणिवांबरोबरच काचेच्या पडद्यावरील नियंत्रणांकडेही बोट दाखविले गेले. २०१९ साली त्या नौदलाने वेगनियंत्रणासाठी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसविण्याचे ठरविले. स्वीडनमधील एका मोटारविषयक मासिकाने २०२२ साली चाचणी घेतली. रेडिओ, वातानुकूलन अशी चार साधी कामे २००५ सालच्या बटणांच्या मोटारीत १० सेकंदांत उरकली. पडद्याच्या एका नव्या मोटारीत त्याच कामांना ४४ सेकंदांहून अधिक वेळ लागला. आपल्या नांदेड किंवा यवतमाळच्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना दोन सेकंद नजर पडद्यावर गेली, तर गाडी ३३ मीटर आंधळी धावते. तेवढ्यात बैलगाडी आडवी आली तर? युरोपातील मोटारसुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने २०२६ पासून हॉर्न, वायपर, दिशादर्शक दिवे यांना हाताने चालणारी बटणे किंवा दांडे नसतील तर पूर्ण गुण द्यायचे नाहीत, असे ठरविले आहे.

काचेचेही गुण आहेत, ते मान्य केले पाहिजेत. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, नातवंडाचे तोंड पाहता येते, बोलून काम सांगता येते. विसरभोळेपणाचा आजार असलेल्या घरात आपोआप बंद होणारी शेगडी ही उघड्या राहिलेल्या गॅसपेक्षा कितीतरी सुरक्षित. तेव्हा काच फेकून द्या, असे माझे म्हणणे नाही. जेथे जिवाचा प्रश्न आहे, म्हणजे फोन, शेगडी, वाहन आणि औषधोपचाराची उपकरणे, तेथे निदान मुख्य काम तरी बटणावर असलेच पाहिजे, एवढेच माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारखानदार ते आपण होऊन करणार नसतील, तर सरकारने फोनसाठी केला तसा नियम इतर वस्तूंसाठीही करावा.

तोवर घरच्यांनी काही गोष्टी कराव्यात.

वृद्धांच्या हातचा चालू फोन, मिक्सर, पंखा केवळ जुना झाला म्हणून काढून घेऊ नये. त्यांच्या बोटांना तो पाठ झालेला असतो. नवा फोन द्यायचाच असेल तर बटणांचा जुना फोनही चार्ज करून उशाशी ठेवावा. एका आकड्यावर मुलाचा आणि एकावर शेजाऱ्यांचा नंबर लावून द्यावा. रुग्णवाहिकेचा १०८ आणि संकटकाळचा ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहावेत. काचेच्या फोनलाही बाजूला चालू-बंदचे बटण असते. ते लागोपाठ दाबून मदत मागण्याची सोय बहुतेक फोनांत आहे. किती वेळा दाबायचे आणि सोय चालू आहे की नाही, हे मुलांनी पाहून आई-वडिलांना शिकवावे.

साखर उतरल्यासारखे वाटले तर आधी साखर, मग फोन, हा क्रम मधुमेहींनी पाठ करावा. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच घ्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी आणि मग जेवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

रक्तदाबाचे यंत्र घेताना दंडाला पट्टा बांधायचे, मोठ्या आकड्यांचे आणि एका ठळक बटणावर चालणारे घ्यावे. इन्सुलिनच्या पेनची फिरकी प्रत्येक युनिटला 'टिक्' असा आवाज करते. त्याचा आधार जरूर घ्यावा, पण केवळ टिकटिक मोजून मात्रा ठरवू नये. दिसत नसेल तर आकडा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा. यंत्रावरची जागा सापडत नसेल तर तिच्या शेजारी कपाळाची टिकली चिकटवावी. एक रुपयाही लागत नाही आणि बोटाला खूण मिळते.

आणि पुढच्या वेळी आई-वडिलांसाठी एखादी वस्तू घ्याल, तेव्हा दुकानातच एक परीक्षा करा. त्यांना डोळे मिटून ती चालू आणि बंद करायला सांगा. जमले तर खुशाल घ्या. नाही जमले तर, ती कितीही चकचकीत असली तरी, दुकानदाराला दुसरी दाखवायला सांगा.