कॉम्प्रेसर जागेवर कां राहात नाहीं?

ट्रॅक्टरच्या चाकांत हवा भरणें, रेडिएटरच्या जाळींतील भुसा उडविणें, एअर फिल्टरची धूळ झाडणें इत्यादि कामांसाठीं चाकांचा लहान कॉम्प्रेसर आतां पुष्कळ बागायतदारांच्या पडवींत येऊन बसला आहे. 'बसला' असें आम्हीं म्हटलें खरें. परंतु तो बसत नाहीं, हीच तक्रार वारंवार ऐकूं येते. बटण दाबतांच तो थरथरतो, फरशीवर सरकतो आणि शेजाऱ्यांची झोप मोडतो. यावर मालक दोन उपाय करितात: चाकांपाशीं दगड रेटतात, किंवा टांकीचे पाय काँक्रीटमध्यें बोल्टांनीं आवळून टाकतात. आमच्या मतें पहिला उपाय अपुरा आहे व दुसरा घातक आहे.

एका सिलिंडरच्या यंत्रांत दट्ट्या खालींवर धांवतो व प्रत्येक वेळीं दिशा बदलतांना हिसका देतो. थेट मोटरीवर चालणारें लहान यंत्र मिनिटास सुमारें २८०० फेरे घेतें. म्हणजे सेकंदास ४० हून अधिक हिसके झाले. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. त्याच यंत्राचा वेग निम्मा केल्यास जोर चौथाई राहतो. म्हणून ज्यांस खरेदी करावयाची आहे, त्यांनीं पट्ट्यावर मंद चालणाऱ्या यंत्राचा विचार अवश्य करावा.

हिसका पूर्ण थांबविणें शक्य नाहीं. त्यास लवचिक वाट देणें शक्य आहे. पाय आवळून ही वाट बंद केली, कीं सर्व ताण टांकीच्या वेल्डिंगवर येतो. आंत सांचलेल्या पाण्यानें पत्रा गंजलेला असल्यास तेथेंच चीर पडते; आणि त्या टांकींत दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ८ किलो दाब कोंडलेला असतो, हें विसरूं नये.

तेव्हां प्रथम वीज बंद करून टांकींतील हवा सोडावी. यंत्र सपाट जागीं ठेवून सर्व पाय व चाकें सारखीं टेंकतात कीं नाहीं तें पाहावें. मोटर व पंप यांचे ढिले नट कसावे. पट्टा असल्यास दोन्ही पुल्या एका रेषेंत आहेत कीं नाहींत, हें दोरी लावून पडताळावें. नंतर जाड रबराचे तुकडे जमिनीवर मांडून त्यांवर एक जड फरशी ठेवावी व तिजवर यंत्र रबरी पायांनिशीं उभें करावें. चाकांस लांकडी पाचर द्यावी. फरशीच्या वजनानें थरथर कमी होते व रबरामुळें ती जमिनींत कमी उतरते.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगणें आम्हांस कर्तव्य वाटतें. शेतांत उरलेला पीव्हीसी पाइप हवेसाठीं कदापि जोडूं नये. तो पाण्यासाठीं आहे. दाबलेल्या हवेनें तो फुटला तर त्याच्या ठिकऱ्या गोळीसारख्या उडतात, आणि हादऱ्यानें त्याचे सांधे लौकर खिळखिळे होतात. हवेसाठीं बनविलेली रबरी नळी थोडी सैल सोडून वापरावी. टांकींतील पाणी रोज काढावें व सुरक्षेचा व्हॉल्व्ह कधींही बांधून ठेवूं नये.

हजारों रुपयांचें यंत्र घेणारा मनुष्य रबराच्या चार तुकड्यांसाठीं हात आंखडतो, ही काटकसर नव्हे. पडवींत आपलीं मुलेंबाळें वावरतात, एवढें ध्यानांत आणल्यास आमच्या सांगण्याचें अगत्य वाचकांस पटेल, अशी आशा आहे.